बोलणं वाचायचा चष्मा

५ जुलै, शनिवार

जावई चष्म्याचा दुकानदार असला की सासऱ्याच्या नाकावर कधी काय येऊन बसेल याचा नेम नाही. आज शेखर अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आला आणि चहा व्हायच्या आत त्यानं डबी उघडली. जाड काड्यांचा काळा चष्मा. मी म्हटलं, मला नंबरचा एक आहे आणि तो अजून फुटलेला नाही. त्यावर तो काहीतरी बोलला. काय बोलला ते मला कळलं नाही, कारण मी बहिरा आहे.

हे लिहायला मला लाज वाटत नाही. उभी नोकरी जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढली. कापसातून सरकी काढणारे रेचे चालू असले की तिथे कोणी बोलत नसे. हातानं खुणा करायच्या, नाहीतर दुसऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचं. निवृत्त होईपर्यंत दोन्ही कान गेले. उजव्या कानाशी वच्छला ओरडली तर थोडंफार कळतं. कानातली मशीनही लावून पाहिली. तिला माणसाचा आवाज आणि भांड्यांचा आवाज एकाच भावाचे. ती कपाटात पडली आहे.

शेखरनं चष्मा माझ्या डोळ्यांवर ठेवला, मोबाइलला जोडला आणि वच्छलेला समोर बसवलं. तिचे ओठ हलले. क्षणभरानं तिच्या पदराच्या उंचीवर, हवेत, हिरवी अक्षरं उमटली: 'अवो, दिसते का काही?'

मी म्हटलं, "दिसते."

तर ती रडायला लागली. बायकोचं बोलणं नवऱ्याला कळलं यात रडण्यासारखं काय आहे? उलट मीच रडायला पाहिजे. मी शेखरला विचारलं, हा किती दिवसांत परत केला तर चालतो.

८ जुलै, मंगळवार

चष्मा परत केलेला नाही. वच्छला करू देत नाही.

त्यात काय काय दिसतं ते एकदा लिहून टाकतो. वरच्या कोपऱ्यात वेळ. तिच्याखाली पाऊस येणार की नाही ते. दोनदा खोटं निघालं, पण खोटं तर पेपरातलंही निघतं. दाराची बेल वाजली की 'बेल'. कुकर झाला की 'शिट्टी'. रस्त्यानं मागून गाडी आली तर त्या बाजूला बाण लुकलुकतो. हे मात्र कामाचं आहे, कारण आमच्या साईनगरातले पोट्टे गाड्या अशा चालवतात जणू यमाकडे नोकरीला आहेत. आणि समोरचा माणूस बोलला की त्याचं बोलणं.

या बोलण्यात एक खोट आहे. शहरी मराठी धडाधड उमटते, आमची वऱ्हाडी आली की निम्मे ठिपके. काल वच्छला मला बराच वेळ काहीतरी सांगत होती आणि माझ्यापुढे नुसती ठिपक्यांची रांगोळी. शेखरला कळवलं तर म्हणतो, घरच्यांनी रोज मोबाइलमध्ये बोलत राहिलं की तो हळूहळू शिकतो. आता म्हातारपणी चष्म्याला शाळेत घालायचं.

१९ जुलै, शनिवार

वच्छला आळशी झाली आहे. हे वाक्य लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आतापर्यंत गॅस एजन्सी, बँक, नळाचं बिल, सगळीकडे ती माझ्यासोबत यायची. समोरचा बोलला की ती माझ्या उजव्या कानाशी ओरडायची आणि मी उत्तर द्यायचो. लोक हसायचे, पण काम व्हायचं. आता ती मला पुढे ढकलते. परवा बँकेत गेलो तर बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. "तुमीच बोला. मी अथीच बसतो," म्हणाली. गेलो आत. खिडकीतली मुलगी बोलली आणि अक्षरं आली: 'काका, हयातीचा दाखला नोव्हेंबरात. आत्ता फक्त मोबाइल नंबर बदलून घ्या.' घेतला बदलून, कोणाच्या मदतीशिवाय. बाहेर येऊन सांगितलं तर हिचा चेहरा असा फुलला की जणू मी मॅट्रिक पास झालो. रिक्षातही पुन्हा पुन्हा तेच. सगळं समजलं ना, एकही गोष्ट सुटली नाही ना.

स्वयंपाकाचंही तेच. तिनं मोबाइलमध्ये काहीतरी भरून ठेवलं आहे. गॅससमोर उभा राहिलो की चष्म्यात येतं, डाळ धुवा, हळद टाका, आता झाकण लावा. मी म्हटलं, तू असताना मी हे कशाला शिकू? "करून तं पाहा," म्हणाली. वरण केलं. खारट झालं. तिनं मात्र दोनदा वाढून घेतलं.

दुपारभर मोबाइल तोंडाशी धरून बडबडत असते. भाज्यांची नावं, सोयऱ्यांची नावं, नळ आले का, दूध तापवलं का, गोळी घेतली का. चष्म्याला वऱ्हाडी शिकवून राहिली म्हणे. मोबाइलचं वेड उतारवयात लागलं की असंच व्हायचं. डाव्या हातानं बादलीसुद्धा उचलत नाही, खांदा धरला म्हणते. इतका वेळ मोबाइल धरल्यावर खांदा धरणारच.

३० जुलै, बुधवार

आज डोकं ठिकाणावर नाही.

माणूस अगदी समोर बसल्याशिवाय अक्षरं येत नाहीत असं वच्छलेला वाटतं. मलाही वाटायचं. पण सकाळी पाऊस उघडला होता, सगळीकडे शांत असावं. मी आत खिडकीशी खुर्ची टाकून बसलो होतो, आणि बाहेर ओट्यावर वच्छला आणि शेजारची शालू अंबाडी निवडत होत्या. शालू म्हणजे वच्छलेला बहिणीसारखी. आमच्या घरात मीठ संपलं तर मला कळायच्या आधी तिला कळतं.

शालूचे ओठ हलले आणि खिडकीच्या गजांवर अक्षरं उमटली: 'अकोल्याले जाऊन ये ना बाई एकदाची. किती दिवस लपवशीन?'

वच्छला: 'महालक्ष्म्या होऊ दे. घरातलं सारं नीट लावून देतो अन् मंग जातो.'

'त्यायले सांगतलं का?'

'नाही. त्यायले सांगतलं तं ते…' इथे रस्त्यानं भंगारवाला ओरडत गेला असणार, कारण पुढे सगळे ठिपके. मग एकच ओळ आली: 'शेखरराव म्हने तारीख घेतो.'

मला जे समजायचं ते समजलं. गेल्या दिवाळीत शेखरनं एकदा विषय काढला होता, मामाजी, हे घर विका आणि अकोल्याला आमच्या शेजारी राहायला या. मी ताट सरकवून उठलो होतो. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. म्हणजे मला कळेल असं बोललं नाही. बहिऱ्याच्या पाठीमागे बोलावं लागत नाही, तोंडावर बोललं तरी चालतं.

तारीख म्हणजे रजिस्ट्रीची तारीख, दुसरं काय. घर दोघांच्या नावावर आहे. आणि मला एकट्याला बँकेत आणि बाजारात का पिटाळतात तेही आता उमगलं. अकोल्याच्या नव्या वस्तीत नेऊन टाकायच्या आधी म्हाताऱ्याला तयार करून राहिले.

वच्छलेला काही बोललो नाही. चोर पुरता दिसू द्यावा, मग हात धरावा.

७ ऑगस्ट, गुरुवार

महालक्ष्म्यांनंतर जाईन म्हणणारी वच्छला काल दिवसभर अकोल्याला जाऊन आली. महालक्ष्म्यांना साड्या घ्यायला करिश्मासोबत बाजारात जायचं म्हणे. करिश्मा म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, शेखरची बायको. जाताना वच्छलेनं आधार कार्ड आणि दोन फोटो पिशवीत टाकले. साडीसाठी आधार कार्ड मागणारं दुकान अकोल्यात कुठे उघडलं आहे ते मला कोणी तरी दाखवा.

आली ती साडीशिवाय. चेहरा उतरलेला. आल्याआल्या आडवी झाली. ब्लाउजला डाव्या काखेशी रक्ताचा ठिपका होता. विचारलं तर पिन टोचली म्हणाली. थोड्या वेळानं करिश्माचा फोन आला, तर मोबाइल घेऊन मागच्या अंगणात गेली आणि माझ्याकडे पाठ करून बोलली. मी दारापर्यंत गेलो, पण इतक्या दुरून पाठमोऱ्या माणसाचं बोलणं चष्म्याला पोचत नाही.

मी विचारलं, "काय ठरलं?"

दचकली. 'काय ठरन? मनासारखा रंग नाई भेटला.'

घराचा राग आहेच. पण त्याहून जास्त लागलं ते वेगळं आहे. आयुष्यभर जगाचं बोलणं या बाईच्या तोंडून माझ्यापर्यंत आलं. बँकवाला, डॉक्टर, सोयरेधायरे, सगळे तिच्याच आवाजात माझ्याशी बोलले. ती मधलं काही गाळत असेल असं मला कधी वाटलं नाही. आता वाटतं, किती गाळलं असेल?

२ सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्या उठल्या आणि घरातलं बोलणंही उठलं.

काल जेवणाचा दिवस होता. घर भरलेलं. करिश्मा, शेखर, शालू, वच्छलेच्या माहेरची माणसं, त्यांची लेकरं. यंदा महालक्ष्म्या उभ्या करण्यापासून सगळं वच्छलेनं करिश्माच्या हातून करून घेतलं. आंबील किती घाटायची, सोळा भाज्या कोणत्या, निऱ्या कशा काढायच्या, सगळं पाटावर बसून सांगत होती. आमच्याकडे महालक्ष्म्या एका घरात बसल्या की ते घर धरून असतात. सासूकडून सुनेकडे जातात. आम्हाला मुलगा नाही, म्हणून वच्छला आहे तोवर त्या इथेच, असं मी धरून चाललो होतो.

आरती झाली. पंगत बसायच्या आधी वच्छलेनं करिश्माला मुखवट्यांसमोर बसवलं, तिची ओटी भरली आणि बोलली. गर्दीमुळे चष्म्यात ठिपक्यांचा चिखल झाला होता, पण वच्छलेचा आवाज तो आता सगळ्यांतून ओळखतो. स्वच्छ ओळ आली: 'पुढच्या वर्षी तुह्या घरी उभ्या करजो. अथी आता कोण करन?'

माझं टाळकं सरकलं. देव हलले म्हणजे घर हललं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी उभा राहिलो आणि ओरडलो. किती मोठ्यानं ते मला कसं कळणार, पण लेकरं रडायला लागली. मी म्हटलं, मला सगळं वाचता येते. तुमी लपवलेलं सगळं वाचलं म्या. या घराची वीट माझ्या जिवंतपणी हलणार नाही. आणि आजपासून या घरातलं कोणी अकोल्याचं नाव काढायचं नाही. वच्छले, तूही नाही. अकोल्याले पाय टाकशील तर तुले माही शपथ आहे, या महालक्ष्म्यायपुढं सांगतो.

मग चष्मा काढून पाटावर आपटला. त्यानंतर सगळ्यांची तोंडं नुसती हलत होती. करिश्मा माझा हात धरून रडत काहीतरी सांगत होती. वच्छलेनं तिला मागे ओढलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. शेखर बाहेर निघून गेला. काय बोलले ते मला माहीत नाही, आणि काल मला ते माहीत करूनही घ्यायचं नव्हतं. पुरणाला चव लागली नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

चष्म्याची एक काडी वाकली आहे, पण चालतो. मात्र त्यात वाचायला काही उरलं नाही. वेळ, ऊन, 'शिट्टी'. वच्छला समोर असते आणि हवा रिकामी. वाढते, आवरते, झोपते. ती रागावली असती तर मला कळलं असतं. रागात ती भांडी आदळते आणि चष्म्यात 'मोठा आवाज' असं येतं. तेही येत नाही.

काल सकाळी शालू आली. वच्छलेचा हात धरून बोलत होती. मला पाहून थांबेल असं वाटलं, तर उलट माझ्याकडे तोंड करून बोलली: 'भाऊजी, आज तिले जाऊ द्या. पाया पडतो तुमच्या. शपथ सोडवा.'

मी म्हटलं, तू आमच्या घरच्यात पडू नको. शालू आणखी काही बोलणार होती, पण वच्छलेनं मान हलवून तिला गप्प केलं. म्हणजे तारीख कालचीच होती तर. टळली.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. एक गोष्ट मात्र मी पाहिली. शालू गेल्यावर वच्छला कितीतरी वेळ ओट्यावर बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. घर सोडायचं तिच्याही मनात नव्हतंच. पोरीनं भरीस घातलं असणार.

१३ सप्टेंबर, शनिवार

शेखर येऊन गेला. दुकान बंद ठेवून आला होता. चहाला नाही म्हणाला. वच्छला शालूकडे गेली होती आणि ते पाहूनच तो आला असावा. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर बसवतो तसा चष्मा माझ्या डोळ्यांवर नीट बसवला, वाकलेली काडी सरळ केली आणि बोलायला लागला. रागानं बोलत असावा. अक्षरांना राग नसतो, ती तशीच हिरवी.

'मामाजी, घर कोणी विकून नाही राह्यलं. मामीजीच्या छातीत गाठ आहे. गेल्या महिन्यात अकोल्याले सुई टाकून तपासली. कॅन्सर निघाला. पाच तारखेले ऑपरेशन होतं.'

चष्म्यातली ओळ थोडा वेळ थांबते आणि वर सरकून नाहीशी होते. ती नाहीशी झाली. मी म्हटलं, पुन्हा बोला. तो पुन्हा बोलला. तीच ओळ पुन्हा आली.

'तुमी महालक्ष्म्यायपुढं शपथ घातली. त्या म्हणतात, ते मोडून मी टेबलावर झोपनार नाही. करिश्मानं पाय धरले त्यायचे. आयकत नाहीत.'

मी विचारलं, "मले काहून नाही सांगतलं? साऱ्या जगाचं बोलणं वाचाले चष्मा आणून देला, अन् एवढंच तेवढं लपवलं?"

'चष्मा मी नाही आणला. मामीजीनं मांगतला. जूनमध्ये गाठ हाताले लागली, तवा पयला फोन त्यायनं मले केला. डॉक्टरले नाही. म्हने, शेखरराव, बहिऱ्या माणसाले दुसऱ्याचं बोलनं दिसन असं काही भेटते का? माह्यामांगं यायच्याशी कोण बोलन?'

मी चष्मा काढला. आणखी वाचायची हिंमत नव्हती.

मी गाढव आहे. गाढवालाही ओझं कोणतं ते कळतं. मी घराच्या विटा मोजत बसलो आणि माझी बायको माझ्यासमोर एकेक काम माझ्या हाती देऊन रिकामी होत होती. पाच तारीख मी घालवली. दुसऱ्या कोणी नाही, मी.

१४ सप्टेंबर, रविवार

काल शेखर गेल्यावर वच्छला आली. माझ्याकडे पाहूनच तिला कळलं. मी तिला देवासमोर उभं केलं आणि म्हटलं, "शपथ सुटली."

'अशी नाही सुटत. त्यायच्यापुढं घातली होती.'

मी स्टूल घेतला, माळ्यावरची पेटी काढली. ती माझा सदरा ओढत होती. 'अवो, अवेळी काढत नसतात मुखवटे! काय करून राहिले?' मी ऐकलं नाही. या एका बाबतीत बहिरं असणं कामाला आलं. पाटावर तांदूळ टाकले, दोन्ही मुखवटे त्यावर ठेवले आणि हात जोडून म्हटलं, बायांनो, शपथ सुटली. चूक माही होती, हिच्यावर धरू नका. माझ्यावर काय धरायचं ते धरा.

वच्छला तिथेच फरशीवर बसली. मीही बसलो. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस.

'तुमाले सांगतलं असतं तं तुमी माह्यापासून हलले असते का? बँकेत कोण गेलं असतं मंग? मले वाटे, पयले यायचं रांगेले लागू दे.'

मी म्हटलं, आणि पाच तारखेला? मी मूर्ख, माझं सोड. तू का माझं ऐकलंस? आयुष्यात कधी ऐकलं होतं का?

ती फरशीवर सांडलेले तांदूळ वेचायला लागली. मग अक्षरं आली: 'मले भेव वाटते वो. टेबलावर नेतीन, चिरतीन. तुमी म्हटलं जाऊ नको, तं मले बरंच वाटलं.'

इतकी वर्षं ही बाई माझ्या कानाशी ओरडली, पण भीती वाटते असं तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, हळू आवाजात. मी तिचा हात धरला. मलाही भीती वाटते, हे मी तिला सांगितलं. शेखरनं नवी तारीख घेतली आहे. उद्या निघतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार, अकोला

काल ऑपरेशन झालं.

सकाळपासून करिश्मा रडून रडून निकामी झाली होती. शेखरला मी म्हटलं, तुम्ही तिच्याजवळ बसा, बाकीचं मी पाहतो. त्याला पटलं नाही, पण बसला. भरती करायच्या खिडकीवर वच्छलेचं नाव पुकारलं ते मी वाचलं. भूल देणारे डॉक्टर तोंडावर पट्टी बांधून बोलत होते, नुसते डोळे दिसत होते, तरी त्यांचं बोलणं समोर आलं. दम्याचा त्रास आहे का, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का. सगळ्याची उत्तरं मी दिली आणि सही केली. रक्त आणायला दुसऱ्या गल्लीतल्या रक्तपेढीत जायचं होतं. चष्म्यात रस्ता दाखवणारा बाणही आहे; तो जिकडे दाखवेल तिकडे वळत गेलो आणि आणलं.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. त्यांनी मलाच विचारलं, नातेवाईक कोण? मी पुढे झालो. 'गाठ काढली. काखेतल्याही काही काढाव्या लागल्या. उशीर झाला त्यानं किती फरक पडला ते रिपोर्ट आल्याशिवाय सांगता येणार नाही. पुढची औषधं लांबतील, त्रास होईल. खाणं, उठणं, चालणं त्यांनी स्वतः मनावर घेतलं पाहिजे. पेशंटनं मनानं सोडून दिलं की आम्हालाही अवघड जातं.' वच्छला मध्ये असती तर यातलं निम्मं गाळून तिनं मला सांगितलं असतं. मला सगळंच्या सगळं वाचावं लागलं. 'उशीर' हा शब्द अजून डोळ्यांपुढून जात नाही.

चष्मा उपयोगाचा आहे हे मी कबूल करतो. याच्याशिवाय कालचा दिवस निभावला नसता. कधी एकदा वच्छला शुद्धीवर येते आणि हे तिला सांगतो असं मला झालं होतं.

काल ती गुंगीतच होती. आज सकाळी तिनं डोळे उघडले. ओठ कोरडे, आवाज नसल्यात जमा असावा, कारण करिश्मानंही कान जवळ नेला. पण मला अक्षरं दिसली: 'काल जमलं का वो सगळं? डॉक्टरचं बोलनं समजलं?'

सांगायला तोंड उघडणार, तोच पुढची ओळ आली. तिनं माझ्या उत्तराची वाटही पाहिली नव्हती. 'जमलंच असन. आता मले फिकीर नाही.' आणि डोळे मिटून घेतले. करिश्मा पेजेची वाटी घेऊन उभी होती, तिला हातानंच नको म्हणाली. चेहरा अगदी शांत. काम करणारी वच्छला मी जन्मभर पाहिली आहे. काम संपलेली वच्छला कधी पाहिली नव्हती. काल ऑपरेशनच्या दाराशी वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या शांत चेहऱ्याची वाटली.

मी म्हटलं, "नाही जमलं."

डोळे उघडले. 'काहून?'

"चष्मा बेकार आहे. डॉक्टरीणबाई बोलल्या तं नुसते ठिपके."

'रक्त कोणं आणलं मंग?'

"शेखररावानं."

'अन् सही?'

"करिश्मानं केली. मी बाकावर बसून होतो."

करिश्मानं तोंड उघडलं. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते मिटलं आणि खिडकीकडे पाठ फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. वच्छलेला ते दिसलं नाही. तिच्या कपाळावर आठी पडली होती. तिनं मान उचलायचा प्रयत्न केला, नर्स धावत आली, 'आजी, उठू नका' अशी अक्षरं आली, पण तिच्या अक्षरांवर वच्छलेची अक्षरं चढत होती.

'असे कसे वो तुमी? दोन महिने शिकवलं तुमाले. नुसतं बाकावर बसले? अन् घरी गेल्यावर काय कराल?'

"मले एकट्याले काही होत नाही."

'होत नाही म्हणजे? न होयाले काय झालं?' रागानं तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. 'थांबा. मले घरी येऊ द्या. पुन्हा पयल्यापासून शिकवतो.' मग करिश्माकडे वळली: 'ते पेजेचं आण इकडे.'

करिश्मानं डोळे पुसले आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला. वच्छलेनं घोट घेतला. गिळताना त्रास झाला, तोंड वाकडं केलं, आणखी एक घेतला. आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, 'काय काय येत नाही ते सांगा. एकेक.'

मी म्हटलं, "काहीच येत नाही मले."